मोट, मोटर आणि बंडी

मंडळी, या पाठात चार शब्द शिकायचे आहेत. काम, ऊर्जा, शक्ती आणि संवेग. शब्द शाळेच्या पुस्तकातले आहेत. पण त्यांचा अनुभव तुम्हाला रोजचा आहे. पोते उचलताना, विहिरीचे पाणी ओढताना, बंडी हाकताना तुम्ही हेच शास्त्र वापरता. आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे हे शब्द फळ्यावर लिहिले. पण त्यांचा खरा अर्थ आम्हाला आमच्या वावरातल्या विहिरीने शिकवला. ती हकीगत पुढे येईल. आधी शब्द समजून घेऊ.

१. काम

जवारीचे पोते जमिनीवर आहे. तुम्ही ते उचलून बंडीवर ठेवले. हे काम झाले. पोते जड असेल तर काम जास्त. बंडी उंच असेल तर काम जास्त. म्हणजे कामाचा हिशेब दोन गोष्टींवर आहे. जोर किती लावला, आणि त्या जोराने वस्तू किती अंतर सरकली. दोन्हींचा गुणाकार केला की काम निघते. शास्त्राच्या पुस्तकात याला ‘कार्य’ म्हणतात.

आता दुसरा प्रकार पाहा. एक गडी डोक्यावर पोते घेऊन एका जागी तासभर उभा राहिला. त्याला घाम आला. मान दुखली. पण पोते वर गेले नाही की पुढे सरकले नाही. शास्त्र म्हणते, पोत्यावर काम शून्य झाले! हे ऐकून वर्गातली मुले हसत. पण यात लबाडी नाही. गड्याच्या अंगातली ताकद खर्च झाली, ती स्नायू आवळून धरण्यात. पोत्याला त्यातले काही मिळाले नाही. मात्र हा हिशेब पोत्याचा आहे, मजुरीचा नाही. शास्त्राचे नाव सांगून गड्याची मजुरी कोणी कापू नये.

लांबी मोजायला मीटर असतो, वजन मोजायला किलो असतो. तसे काम मोजायला ‘ज्यूल’ असतो. १०० ग्रॅमचे वजन १ मीटर वर उचलले की सुमारे १ ज्यूल काम होते. म्हणून १ किलो १ मीटर उचलायला सुमारे १० ज्यूल लागतात. एवढे लक्षात ठेवा. पुढचे सगळे हिशेब यावरच आहेत.

आता घरातला हिशेब करू. विहिरीचे पाणी १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट खोल आहे. घरची बाई दोराने पाणी ओढते. एक हंडा १५ लिटरचा. पाण्याचे १ लिटर म्हणजे १ किलो. तर एका हंड्याचे काम १५ गुणिले १० गुणिले १०, म्हणजे १,५०० ज्यूल. दिवसाला २० हंडे धरले तर ३०,००० ज्यूल झाले. हा आकडा ध्यानात ठेवा. थोड्या वेळाने तो पुन्हा लागेल.

२. ऊर्जा

काम करण्याची जी ऐपत, तिला ऊर्जा म्हणतात. बैलाला कडबा घातला नाही तर बैल नांगर ओढणार नाही. कडब्यात ऊर्जा असते. ती बैलाच्या अंगात जाते, आणि बैल काम करतो. मोटरसायकलला पेट्रोल, चुलीला सरपण, माणसाला भाकर. प्रत्येकाची शिदोरी वेगळी, पण गोष्ट एकच.

उंच ठेवलेल्या वस्तूत ऊर्जा असते. टाकीत चढवलेले पाणी नळातून आपोआप खाली येते. कारण ते वर चढवताना कोणीतरी काम केलेले असते. ते काम पाण्यात साठून राहते. धावत्या वस्तूतही ऊर्जा असते. फिरता हातोडा खिळा ठोकतो. नुसता ठेवलेला हातोडा ठोकत नाही.

ऊर्जा रूप बदलते. आपल्या जिल्ह्यात वणी तालुक्यात दगडी कोळशाच्या खाणी आहेत. हा कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडे. त्या झाडांनी उन्हातली ऊर्जा घेतली आणि ती मातीखाली गाडली गेली. शेजारच्या चंद्रपूरला कोळशावर चालणारे मोठे वीज केंद्र आहे. त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज तयार होते. ती वीज तारेतून वावरात येते आणि मोटर फिरवते. मोटर पाणी वर चढवते. म्हणजे जुन्या काळचे ऊनच तुमच्या विहिरीचे पाणी उपसते! सौर पंपाला आजचे ऊन चालते. एवढाच फरक.

पण रूप बदलताना ऊर्जा वाढत नाही. एक रुपयाची मोड घेतली तर सव्वा रुपया होत नाही, तसेच हे. उलट दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. मोटरला हात लावून पाहा. ती गरम लागते. ती उष्णता म्हणजे वाया गेलेली ऊर्जा.

हे मोजून दाखवणारा एक मोठा शास्त्रज्ञ होता. त्याचे नाव जेम्स ज्यूल. तो १८१८ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ जन्मला. त्याच्या घरी बिअर बनवण्याचा कारखाना होता. त्याने पाण्याच्या भांड्यात पंखा बसवला. दोरीला वजन बांधून ते खाली सोडले. वजन खाली उतरताना पंखा फिरला आणि पाणी किंचित तापले. त्याने ते बारकाईने मोजले. ठरावीक कामातून ठरावीकच उष्णता निघते, असे त्याने दाखवले. त्याचेच नाव कामाच्या मापाला दिले आहे.

म्हणून एक सावधगिरी सांगतो. कधी कोणी गावात येतो आणि म्हणतो, “हे यंत्र एकदा फिरवा. मग ते वीज, डिझेल काही न घेता कायम चालेल.” त्याला पाणी पाजा, पण पैसे देऊ नका. असे यंत्र जगात कोणी बनवू शकलेला नाही.

आता मघाचा आकडा आठवा. आपण विजेच्या बिलात ‘युनिट’ वाचतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. घरची बाई दिवसाला ३०,००० ज्यूल काम करते. ३६ लाखाला ३० हजाराने भागा. उत्तर १२० येते. म्हणजे एका बाईने १२० दिवस, चार महिने, रोज वीस वीस हंडे ओढावे, तेव्हा एक युनिट होते! पंपात निम्मी ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी ते काम दोन युनिटांत होते.

हा हिशेब आम्ही पहिल्यांदा केला, तेव्हा पाटी हातात धरून बराच वेळ गप्प बसलो. आमच्या आईने जन्मभर पाणी ओढले. तिच्या तळहाताला दोराचे घट्टे होते. ज्या घरात पाणी आणण्यासाठी मुलीची शाळा सुटते, त्या घरात हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवा. गावाने मिळून नळ केला, पंप बसवला, तर विजेचे बिल येते खरे. पण दोन युनिटांत चार महिन्यांचे ओढणे वाचते.

३. शक्ती

आपण बोलताना ताकद, शक्ती, जोर हे शब्द एकच समजतो. शास्त्रात शक्तीचा अर्थ ठरलेला आहे. काम किती वेगाने झाले, ती शक्ती. एका गड्याने दहा पोती एका तासात चढवली. दुसऱ्याने तीच दहा पोती दोन तासांत चढवली. काम दोघांचे सारखेच. पण पहिल्याची शक्ती दुप्पट.

एका सेकंदात १ ज्यूल काम झाले तर शक्ती १ वॅट. हे नाव जेम्स वॅट याच्यावरून पडले. तो १७३६ साली स्कॉटलंडात जन्मला. त्याने वाफेचे इंजिन पुष्कळ सुधारले. त्या काळी खाणीतले पाणी उपसायला घोडे लावत. इंजिन विकत घेणारा साहजिकच विचारी, “हे किती घोड्यांचे काम करील?” म्हणून वॅटने घोड्याचे माप ठरवले. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट वर चढवले की एक अश्वशक्ती. आजच्या मापात ती सुमारे ७४६ वॅट होते. म्हणजे ७५ किलोच्या माणसाला एका सेकंदात एक मीटर वर उचलणे. मोटरीवर ‘एच. पी.’ लिहिलेले असते, ती हीच अश्वशक्ती.

आपल्याकडे मोट होती तेव्हा बैल हे काम करीत. चांगली जोडी सतत कामात साधारण एक अश्वशक्ती देते, कधी त्याहून कमी. आपले पूर्वज मोठे हुशार. त्यांनी मोटेची धाव उताराची केली. बैल उतारावरून खाली जाताना मोट ओढतात. मग त्यांच्या अंगाचे वजनही कामाला लागते. पण बैलांना पुन्हा मागे वर चढावे लागते, मोट थोडी गळते, आणि बैलांना दमही खावा लागतो. म्हणून वेळ फार लागे.

आता आमची हकीगत ऐका. आम्ही निवृत्त झालो तेव्हा हाती थोडे पैसे आले. वावरात विहीर होती. पाणी १२ मीटर चढवावे लागे. आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, मोटर घ्यायचीच तर मोठी घ्या. साडेसातची घ्या. पाणी धो धो येईल.” आम्हाला ते पटले. मोठे ते चांगले, असे वाटले. जवळचे पैसे पुरले नाहीत, म्हणून थोडे कर्जही काढले.

मोटर बसली. पाणी धो धो आले, यात शंका नाही. सारे घर धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. पण अर्ध्या तासात विहीर तळाला गेली. रोज हेच होऊ लागले. एक दिवस आम्ही गावात गेलो होतो. मोटर चालूच राहिली. पाणी संपले, पंप कोरडा फिरत राहिला, तापला, आणि मोटर जळाली. ऐन उन्हाळ्यात संत्र्याची लहान झाडे तहानली. त्यातली निम्मी वाळून गेली.

आमचा सालदार शाळेत गेलेला नाही. तो विहिरीत डोकावून म्हणाला, “गुरुजी, मोटर लय मोठी आणली. पण झरा तं तेवढाच हाये ना!”

आम्ही वर्गात हजार वेळा सांगितले होते की काम वेगळे आणि शक्ती वेगळी. पण स्वतःच्या वावरात ते आम्हाला दिसले नाही. सालदाराने ते एका वाक्यात सांगितले. मोटरची अश्वशक्ती वाढली की पाणी लवकर निघते. पण विहिरीत पाणी वाढत नाही.

घरी येऊन आम्ही पाटीवर हिशेब मांडला. तोच इथे देतो. ६० हजार लिटर पाणी १२ मीटर वर चढवायचे आहे. ६०,००० गुणिले १२ गुणिले १०, म्हणजे ७२ लाख ज्यूल. हे झाले २ युनिट. पंप आणि पाइप यांत निम्मी ऊर्जा जाते असे धरा. मग ४ युनिट लागतील. आता पाहा:

५ अश्वशक्तीच्या मोटरला हे काम करायला सुमारे १ तास ५ मिनिटे लागतात. सुमारे ४ युनिट खर्च होतात.

३ अश्वशक्तीच्या मोटरला सुमारे १ तास ४७ मिनिटे लागतात. तिलाही सुमारे ४ युनिटच लागतात.

पाणी तेवढेच, वीज तेवढीच. फरक फक्त वेळेचा. ज्याच्या विहिरीला भरपूर झरा आहे आणि वीज थोडाच वेळ येते, त्याला मोठी मोटर उपयोगाची. ज्याचा झरा बारीक आहे, त्याला लहान मोटर बरी. ती विहिरीच्या झऱ्याबरोबर सावकाश चालते. सौर पंपाच्या सरकारी योजनेत ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप आहेत. अर्ज भरण्याआधी आपली विहीर मोजा.

विहीर कशी मोजायची? उपसा झाल्यावर मोटर बंद करा. दोराला दगड बांधून पाण्यापर्यंत सोडा आणि दोरावर खूण करा. एका तासाने पुन्हा मोजा. पाणी किती चढले ते कळेल. विहीर ४ मीटर रुंद आणि गोल असेल, तर १ मीटर चढणे म्हणजे सुमारे साडेबारा हजार लिटर पाणी आले. अर्धा मीटर चढले तर सव्वासहा हजार. आमच्या विहिरीत अर्धा मीटरच चढले. आणि आमची साडेसातची मोटर तासाला ऐंशी हजार लिटर ओढू पाहत होती! आता आम्ही ३ ची मोटर लावली आहे. पाणी संपले की आपोआप बंद होण्याचे साधनही तिला बसवले आहे.

४. संवेग

चौथा शब्द संवेग. हा थोडा कठीण आहे, पण त्यात जीव वाचवण्याची गोष्ट आहे.

जड वस्तू आणि तिचा वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. चालत्या वस्तूला थांबवायला किती जड जाईल, ते संवेगावरून कळते. पळत येणारे पोर तुम्ही हाताने धरता. पण हळू चालणारी भरली बंडी धरता येत नाही. तिचा वेग कमी, पण वजन भारी.

आपल्या यवतमाळची शकुंतला गाडी पुष्कळांना आठवत असेल. अरुंद रुळांवरून ती यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाई. अंतर सुमारे ११३ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात ही लाइन झाली. तो कापूस पुढे मुंबईला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना जाई. तिचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनले होते. ते १९९४ सालापर्यंत चालले. मग डिझेल इंजिन आले. आज ती गाडी चालत नाही. तिचा वेग बेताचाच होता. तरी ड्रायव्हरला स्टेशन येण्याच्या पुष्कळ आधी वाफ बंद करावी लागे. वाफ बंद झाली तरी गाडी आपल्या संवेगाने पुढे जातच राही. रेल्वेगाडी जागच्या जागी थांबत नाही. म्हणून रुळ ओलांडताना ‘अजून लांब आहे’ असे कधी म्हणू नये.

आता बंडीची गोष्ट. आम्ही दहा-बारा वर्षांचे होतो. कापूस विकायला दोन बंड्या निघाल्या. पुढे वडील, मागे काका. कापूस आणि बंडी मिळून वजन हजार किलोच्या आसपास. वाटेत नाल्याचा उतार लागला. वडील खाली उतरले. त्यांनी बंडीच्या मागे एक जड ओंडका दोराने बांधला. तो जमिनीवर घासत गेला, आणि बंडी हळू उतरली. काका घाईत होते. ते कापसावर बसूनच राहिले. उतारावर बंडीचा वेग वाढला. मागचे वजन जुवावाटे बैलांच्या मानेवर आले. बैलांना आवरेना. एक बैल गुडघ्यावर पडला आणि त्याचा पाय मोडला. काका वाचले, कापूस वाचला. पण त्या साली पेरणीला आम्हाला शेजाऱ्याची जोडी मागावी लागली. आमची पेरणी आठ दिवस मागे पडली. पीकही तसेच आले.

वडिलांना संवेग हा शब्द माहीत नव्हता. पण उताराच्या आधी वेग आवरला पाहिजे, उतारावर गेल्यावर नाही, हे त्यांना माहीत होते.

आज बंडीच्या जागी ट्रॅक्टर आणि मोटरसायकल आली. वजन आणि वेग दोन्ही वाढले. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की संवेग दुप्पट होतो. पण धावत्या गाडीतली ऊर्जा चौपट होते. ब्रेकला ती सगळी ऊर्जा खाऊन टाकावी लागते. म्हणून ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटरसायकल ब्रेक लागल्यावर साधारण १२ मीटरमध्ये थांबत असेल, तर ८० च्या वेगाला जवळजवळ ५० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता जातो. त्यावर गावची पोरे भरधाव जातात. पुढे बैल आडवा आला, तर ब्रेक दाबायला वेळ मिळतो, पण थांबायला जागा मिळत नाही. पोराला गाडी घेऊन देणाऱ्या बापाने हा चौपटीचा हिशेब त्याला समजावून द्यावा. आणि डोक्यावर हेल्मेट घालायला लावावे.

शेवटचे दोन शब्द

मंडळी, आता चारही शब्द आपल्या ओळखीचे झाले. वाचायला शिकलो ते नुसती सही करण्यासाठी नाही. मोटरवरचा आकडा, बिलावरचा आकडा, गाडीच्या काट्यावरचा आकडा, हे तिन्ही आपण वाचले पाहिजेत आणि त्यांचा अर्थ विचारला पाहिजे. आम्ही शिकलेले असूनही विचारले नाही, म्हणून मोटर जळाली. तुम्ही विचारा.

नवीन शब्द

काम (कार्य) : जोर लावून वस्तू सरकवणे. माप ज्यूल.
ऊर्जा : काम करण्याची ऐपत. माप ज्यूल. विजेच्या बिलात युनिट.
शक्ती : काम होण्याचा वेग. माप वॅट किंवा अश्वशक्ती.
संवेग : वजन आणि वेग यांचा गुणाकार.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या विहिरीचे पाणी किती मीटर खोल आहे? घरी रोज किती लिटर ओढता? त्याचे काम किती ज्यूल होते?
२. दोन शेतकऱ्यांनी सारख्या खोल विहिरीतून सारखेच पाणी काढले. एकाची मोटर ३ ची, दुसऱ्याची ५ ची. कोणाचे युनिट जास्त होतील?
३. फळी लावून पोते बंडीवर चढवले तर जोर कमी लागतो. मग कामही कमी होते का? (सूचना : फळीची लांबी आणि बंडीची उंची यांचा विचार करा.)
४. भरली ट्रॉली उतारावर नेताना वेग कोठे कमी करावा? का?
५. आपल्या विहिरीत एका तासात पाणी किती चढते ते मोजा. तो आकडा वहीत लिहा आणि पुढच्या वर्गाला घेऊन या.